दवाखान्यातली चाल आणि घरातली चाल : आबांच्या तपासणीवरून पडलेले प्रश्न

चिमणपुरा_सातारा (रविवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. गेले तीन आठवडे एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, वय ७८. पाच महिन्यांत दोनदा पडले. एकदा मोरीच्या दारात, एकदा माजघरातून सोप्यात येताना. हाड मोडलं नाही हे नशीब. घरच्या डॉक्टरांनी सांगितलं, एकदा चाल तपासून घ्या, म्हणून एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं आधी खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, असं करायला लावलं. आबांनी ११ सेकंदांत केलं. मग लांबच्या लांब गुळगुळीत कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालवलं. आबा तरुणपणी तालमीत जाणारे. कुणी बघतंय म्हटल्यावर पाठ ताठ, मान वर, पाय उचलून टाकलेला. तिथली मुलगी म्हणाली, "आजोबा, एक नंबर!" कागदावर आलं, चाल वयाच्या मानाने चांगली. आम्ही खुशीत घरी आलो.

तिसऱ्या दिवशी पहाटे तीनला आबा पुन्हा पडले. संडासकडे जाताना.

मला कुणाला दोष द्यायचा नाही. तिथे जी चाल दिसली ती खोटी नव्हती, मी स्वतः उभी राहून पाहिली. पण गेल्या दोन वर्षांत मी घरात आबांना तसं चालताना एकदाही पाहिलेलं नाही.

मग मी आठवडाभर वही घेऊन बसले. आबांना कळू न देता, ते कुठून कुठे, कसे जातात ते लिहीत गेले. आमचं घर जुनं, गडाच्या उतारावरचं. पलंगापासून मोरी तेरा पावलं. त्या तेरा पावलांत एक उंबरा, एक काटकोनात वळण, शहाबादी फरशीतली एक उचललेली कड आणि मोरीची खाली उतरणारी पायरी. सरळ सपाट अशी सलग चार पावलंसुद्धा त्यांच्या वाट्याला येत नाहीत. एका हातात बहुतेक वेळा तांब्या किंवा टॉवेल. मागून आई काहीतरी विचारत असते, आणि आबा मान वळवून उत्तर देतात. दिवसातून अठरा-वीस वेळा हेच.

आणि एक गोष्ट मला वहीतून नव्हे, भिंतीवर दिसली. वळणापाशी डिस्टेंपरवर कमरेच्या जरा खाली काळपट, तेलकट पट्टा पडलाय. चार बोटांचे ठसे एकावर एक बसून झालेला. आम्ही दिवाळीत रंग दिला होता. म्हणजे सात महिन्यांत माझ्या वडिलांनी त्या कोपऱ्यात किती वेळा भिंत धरली असेल! रोज तिथून जाऊनही मला तो पट्टा दिसला नव्हता, याचं फार वाईट वाटतं.

माझा प्रश्न असा : दवाखान्यातली चाल आणि घरातली चाल यांत इतका फरक असतोच का? आणि घरातली चाल डॉक्टरांपर्यंत न्यायची कशी?

---

मिरज_फिजिओ (रविवार, रात्री ११:०५)

ताई, फरक असतोच. एकोणीस वर्षं मिरजेत हेच काम करतोय. तुम्ही वही घेऊन बसलात, तेच मी प्रत्येक नातेवाइकाला सांगत असतो, पण करणारे फार थोडे.

आबांची जी पहिली परीक्षा झाली तिला टाइम्ड अप अँड गो म्हणतात. पॉडसिॲडलो आणि रिचर्डसन या दोघींनी ती १९९१ साली मांडली. खुर्ची, घड्याळ आणि ३ मीटरची खूण एवढंच लागतं, म्हणून ती जगभर चालते. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. आबा ११ला पोचले, म्हणजे कागदावर पास. दुसरी सहा मिनिटांची. तिला ३० मीटरचा मोकळा, सपाट कॉरिडॉर लागतो आणि ती मुख्यतः हृदय-फुप्फुसांचा दम बघण्यासाठी. तुमच्या मोरीच्या वळणाबद्दल ती काही सांगणार नाही, तो तिचा विषयच नाही.

आमच्या कामात दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात. माणूस काय करू शकतो ही एक, आणि रोज काय करतो ही दुसरी. परीक्षेच्या खोलीत माणसाचं सगळं लक्ष पायांत असतं. समोर डॉक्टर, हातात काही नाही, उजेड भरपूर, पायात चांगली चप्पल. घरी लक्ष तांब्यात, आईंच्या प्रश्नात, लघवीच्या घाईत. पायांच्या वाट्याला उरलेलं लक्ष येतं.

१९९७ साली स्वीडनच्या संशोधकांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. वृद्धाश्रमातल्या ५८ जणांबरोबर चालता चालता गप्पा सुरू केल्या. १२ जण बोलायला म्हणून थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले. यंत्र नाही, कॅमेरा नाही. मी ते वाचल्यापासून पेशंट दारातून आत येतानाच विचारतो, "काय मग, जेवलात का?" आणि त्याच्या पायांकडे बघतो.

तेल अवीवच्या मंडळींनी २०१९ मध्ये ज्येष्ठांच्या कमरेला आठवडाभर सेन्सर लावून खोलीतल्या आणि रोजच्या चालीची तुलना केली. रोजच्या जगण्यातली चाल प्रयोगशाळेतल्या साध्या चालीपेक्षा हळू आणि कमी एकसारखी निघाली. डोक्यात हिशेब करत चालायला लावल्यावर जशी चाल होते, तिच्या ती जवळ जात होती.

एक विचारू? आबा पहाटे उठल्यावर लगेच चालायला लागतात की पलंगावर जरा बसतात?

---

चिमणपुरा_सातारा (सोमवार, सकाळी ६:५०)

लगेच. धोतराची निरी हातात धरून तसेच निघतात. प्रोस्टेटचा त्रास आहे, थांबवत नाही त्यांना.

---

मिरज_फिजिओ (सोमवार, सकाळी ७:१५)

मग झोपलेलं असताना आणि उभं राहिल्यावर, असा दोनदा रक्तदाब मोजायला सांगा. उठल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर डोकं हलकं होतं, डोळ्यांपुढं अंधारी येते. दवाखान्यात खुर्चीत बसून घेतलेल्या एका मापात हे कळत नाही. गोळ्यांची पूर्ण यादीही सोबत न्या. स्वतःच्या मनाने कुठली बंद मात्र करू नका.

---

उसाचा_फड (सोमवार, दुपारी १:३०)

आमच्याकडं वाळवा तालुक्यात चाल म्हणजे काय ते फडात बघावं. डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवरनं चढणाऱ्या बाया बघितल्यात का? मान हलत नाही, फळी लवती, पाय फळीची लय धरून पडतो. खाली पाचट, बुडखे, चिखल. ह्यातलं कुठल्या खोलीत मोजणार?

पण मला वेगळं सांगायचंय. माझ्या चुलत्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला, त्यांना जयपूर फूट बसवला. मी तेव्हा कॉलेजला होतो, त्याची माहिती काढली होती. आधी जे परदेशी पद्धतीचे पाय मिळायचे ते बुटात घालायचे. दवाखान्यात त्यावर माणूस चालून दाखवायचा, घरी जाऊन कोपऱ्यात ठेवून द्यायचा. का? तर मांडी घालता येत नाही, उकिडवं बसता येत नाही, अनवाणी चालता येत नाही, चिखलात बूट फुकट. जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर, या दोघांनी १९६८ च्या सुमारास रबराचा पाय केला. बूट न घालता वापरता येणारा, घोट्यातनं सगळीकडं वळणारा. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मांचं शिक्षण फार नव्हतं, पण आपला माणूस जमिनीवर कसा बसतो-उठतो ते त्यांनी बघितलेलं होतं.

चुलते परवापर्यंत बांधावरनं पाणी पाजत होते. बांध म्हणजे वीतभर रुंद, दोन्हीकडं पाट. त्यांची चाल बघून कुणी चांगली म्हणणार नाही. पण रात्रीच्या लाइटीला एकटे जाऊन मोटार चालू करून यायचे.

---

सेन्सर_आणि_सांगली (सोमवार, रात्री १०:२०)

मूळची सांगलीच्या विश्रामबागची, आता पुण्यात. तीन वर्षं एका चालविश्लेषण प्रयोगशाळेत काम केलं, म्हणून आतली बाजू सांगते.

आमच्या खोलीत दहा मीटरची पट्टी होती. भिंतीवर कॅमेरे, अंगावर चमकणाऱ्या छोट्या गोळ्या चिकटवायच्या, मधोमध जमिनीत बसवलेली फोर्स प्लेट, म्हणजे पाय किती जोराने टेकतो ते मोजणारी पाटी. तिच्यावर पाय नीट पूर्ण पडला तरच माप धरायचं. आणि गंमत अशी की ती प्लेट दिसली की माणूस नकळत पावलं लांब-आखूड करून तिच्यावर पाय टाकायला बघतो. मग ती त्याची चाल राहत नाही. आम्ही प्लेट झाकायचो, समोरच्या भिंतीवर बघायला सांगायचो. तरी अंगाला चिकटपट्ट्या लावलेला, अर्धी चड्डी घातलेला माणूस, चारचौघांत, एसीमध्ये. एक आजी मला म्हणाल्या होत्या, "पोरी, मी लग्नातसुद्धा एवढी जपून चालले नव्हते."

ही पद्धत जुनी आहे. पॅरिसमध्ये एत्येन-ज्यूल मारे यांनी १८८० च्या दशकात माणसाला काळे कपडे घालून, हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावून चालतानाचे फोटो एकाच काचेवर घेतले. गुडघा किती अंशात वळतो, टाच कधी टेकते हे इतकं बारीक आजही अशाच खोलीत सगळ्यात नीट कळतं. लहान मुलांच्या सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम होतो तो आजार) शस्त्रक्रियेआधी त्याचा मोठा उपयोग होतो. मी तिथं केलेल्या कामाचा मला अभिमान आहे.

पण ताईंच्या तेरा पावलांवर येते. २००८ मध्ये ओरेनडर्फ आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांच्या घोट्याला मोजयंत्र लावून दोन आठवडे त्यांचं रोजचं चालणं नोंदवलं. माणसं एका दमात किती पावलं टाकतात? ४० टक्के वेळा सलग १२ पेक्षा कमी. ७५ टक्के वेळा ४० पेक्षा कमी. म्हणजे आपलं बहुतेक चालणं हे निघणं, वळणं आणि थांबणं असतं. आणि आम्ही खोलीत काय करायचो? पहिली दोन-तीन पावलं आणि शेवटची दोन-तीन पावलं फेकून द्यायचो, कारण ती "स्थिर" नसतात! मधली सुंदर पावलं ठेवायचो. आबांच्या तेरा पावलांना आमचा नियम लावला तर वळणही गेलं, उंबराही गेला.

आता दिशा बदलते आहे. युरोपात २०१९ साली मोबिलाइझ-डी नावाचा मोठा प्रकल्प सुरू झाला, न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकाराने. पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस (मज्जासंस्थेचा आजार), सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) आणि खुब्याचं फ्रॅक्चर झालेली माणसं. कमरेला छोटा सेन्सर लावून सात दिवस घरी पाठवायचं आणि खऱ्या आयुष्यातली चाल मोजायची.

घरगुती उपाय म्हणून मनगटावरचा पट्टा घेणार असाल तर सावध राहा. हळू, पाय घासत टाकलेली पावलं यातले बरेच पट्टे मोजतच नाहीत. वॉकर धरला की हात हलत नाही, मग पावलं शून्य. ज्यांची चाल मोजायची सगळ्यात जास्त गरज, त्यांचीच निसटते.

---

हळदपेठ (मंगळवार, दुपारी ३:१०)

वरच्या ताईंच्या मोजमापात एक भर घालते. फोन खिशात असेल तर चाल मोजतो म्हणतात. माझ्या सासूबाई नऊवारी नेसतात. त्यांना खिसा कुठे आहे? मी पाचवारी नेसते, माझा फोन दिवसभर ओट्यावर नाहीतर पिशवीत. संध्याकाळी मुलगा दाखवतो, "आई, तू आज ६०० पावलं चाललीस." पहाटे पाचपासून मी बसलेली नसते. पाणी भरणं, दोनदा गच्चीवर जाणं, दळण, सासूबाईंना देवळात नेऊन आणणं. यातलं काही त्यात नाही.

सासूबाईंचं तपासणीच्या वेळी असंच झालं. गाऊन घालायला लावला. गाऊनमध्ये त्या झपझप चालल्या. घरी नऊवारीचा काष्टा नीट बसला नाही की पाऊल आखूड पडतं आणि सोगा पायात येतो. तिथं कुणी विचारलंच नाही की आजी रोज काय नेसता.

---

गुरुजी_निवृत्त (मंगळवार, सायंकाळी ६:००)

सर्वांचं वाचलं. फार चांगली चर्चा. एका गोष्टीबद्दल मात्र स्पष्ट बोलतो. यातून कुणी असा अर्थ काढू नये की दवाखान्यातली परीक्षा निरुपयोगी. २०११ मध्ये अमेरिकेतल्या स्टुडेन्स्की आणि सहकाऱ्यांनी नऊ अभ्यासांतल्या ३४,४८५ ज्येष्ठांची माहिती एकत्र केली होती. काही मीटर अंतर नेहमीच्या वेगाने चालायला लावायचं, एवढंच माप. त्या साध्या वेगाचा पुढच्या आयुर्मानाशी घट्ट संबंध दिसला. एवढं स्वस्त आणि एवढं बोलकं माप दुसरं क्वचितच असेल. सगळ्यांना एकाच अंतरावर, एकाच पद्धतीने चालवल्याशिवाय तुलना कशी करणार? मी गणित शिकवलं. वर्गात बेरीज येत असलेला मुलगा बाजारात हिशेब चुकतो, म्हणून वर्गातली परीक्षा बंद करत नाहीत. त्याला बाजारातही नेतात.

---

मिरज_फिजिओ (मंगळवार, रात्री ८:४५)

गुरुजी, शंभर टक्के सहमत. माझी एकच तक्रार आहे : "पास" हा शब्द ऐकून घरचे निर्धास्त होतात. आबांच्या घरचेही झाले.

---

यवतेश्वर_घाट (बुधवार, सकाळी ८:२०)

मी पळणारा माणूस, पण मुद्दा तोच आहे. जिममधल्या ट्रेडमिलवर माझा वेग ठरलेला. सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी यवतेश्वरचा घाट चढायला लागलो तेव्हा पहिल्या महिन्यात घोटे सुजले. ट्रेडमिलचा पट्टा तुम्हाला वळायला लावत नाही, खड्डा चुकवायला लावत नाही. साताऱ्यात राजवाड्याकडून समर्थ मंदिराकडे भाजीची पिशवी घेऊन चढणारी सत्तर वर्षांची माणसं रोज बघतो. त्यांची परीक्षा रोजच होते.

---

कृष्णाकाठ (बुधवार, रात्री ११:३०)

माझ्या आईला पार्किन्सन आहे, सहा वर्षं झाली. हा धागा वाचून रडू आलं, कारण आमचंही हेच झालं होतं.

डॉक्टरांसमोर आई भराभर चालायची. घरी स्वयंपाकघराच्या दारात पाय जमिनीला चिकटायचे. अक्षरशः चिकटायचे. ढोपरं थरथरतात, अंग पुढे जातं, पाय येत नाहीत. डॉक्टरांना मी सांगायचे, ते तिला चालवून बघायचे, काही दिसायचं नाही. आईच मला म्हणायची, "अगं, तू उगाच सांगतेस, त्यांना खोटं वाटत असेल." शेवटी एकदा मोबाइलवर व्हिडिओ काढून नेला. अठरा सेकंदांचा. डॉक्टरांनी तो दोनदा बघितला आणि म्हणाले, हे इथं माझ्या रुंद खोलीत दिसणार नाही, अरुंद दार आणि वळण लागतं. त्या दिवशी आईच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं ते मी विसरणार नाही. तिचा त्रास कुणीतरी खरा मानला होता.

त्यांनी उपाय सांगितला : दाराच्या अलीकडे जमिनीवर आडव्या रंगीत पट्ट्या, एकेका पावलाच्या अंतरावर. मी पिवळी इन्सुलेशन टेप लावली. आई रेघ ओलांडायची म्हणून पाय उचलते, आणि पाय उचलला जातो! नुसत्या फरशीवर जो पाय निघत नाही तो रेघेवरून निघतो. सगळ्यांना लागू पडतं असं नाही, पण आमच्याकडे पडलं.

२०१९ च्या महापुरात घरात पाणी आलं होतं. आठ दिवसांनी परत आलो तर सगळीकडे गुळगुळीत गाळ. धडधाकट माणसंही पाय फाकवून, भिंत धरून, छोटी छोटी पावलं टाकत होती. सगळी गल्ली एकसारखी चालत होती. आज ताईंची भिंतीवरच्या पट्ट्याची गोष्ट वाचली आणि तीच चाल आठवली.

---

चिमणपुरा_सातारा (पुढचा रविवार, रात्री ९:१०)

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

त्याच दवाखान्यात पुन्हा गेलो. यावेळी सोबत वही, गोळ्यांची यादी, आबांची रोजची झिजलेली स्लीपर आणि मोबाइलमध्ये दोन गोष्टी : मोरीच्या वाटेचा व्हिडिओ आणि भिंतीवरच्या त्या पट्ट्याचा फोटो. डॉक्टरांनी फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. मग काय केलं? तीच खुर्ची, तेच ३ मीटर, पण आबांच्या हातात पाण्याने भरलेला ग्लास दिला आणि १०० मधून तीन-तीन वजा करत चालायला सांगितलं. आबा ९१ पर्यंत नीट गेले, वळणावर थांबले, पाणी सांडलं, उजवा हात हवेत भिंत शोधत गेला. १९ सेकंद. मी तिथंच डोळे पुसले. घरातले आबा पहिल्यांदा त्या खोलीत दिसले होते.

झोपून आणि उभं राहून रक्तदाब घेतला. वरचा आकडा २६ ने उतरला. रात्रीच्या एका गोळीबद्दल डॉक्टरांनी निर्णय घेतलाय, दोन आठवड्यांनी पुन्हा बघणार आहेत. तोवर उठल्यावर पलंगाच्या कडेला बसून पाय दहा वेळा हलवायचे आणि मगच उभं राहायचं. रात्री पलंगाजवळ भांडं ठेवलंय. आबांना ते आवडलं नव्हतं. आईने समजावलं. उचललेली फरशी बसवून घेतली, मोरीच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा असतो. आणि आईने एक गोष्ट स्वतःहून केली : आबा वळणावर असले की ती बोलत नाही. ते मोरीत पोचले की मग विचारते.

आता भिंतीला धरायला दांडा बसवायचाय. मिस्त्री म्हणतो, बाथरूममध्ये लावतात तसा स्टीलचा लावू. किती उंचीवर? आबा जेमतेम सव्वापाच फूट.

---

उसाचा_फड (रविवार, रात्री ९:३५)

ताई, गोल दांडाच घ्या. चौकोनी धरताना ओला हात सटकतो. आणि भिंत जुनी मातीची असेल तर नुसता खिळ्यावर विश्वास ठेवू नका, आरपार बोल्ट टाका.

---

मिरज_फिजिओ (रविवार, रात्री ९:५०)

हात सैल सोडून उभं केलं की मनगटाची घडी जिथं येते, साधारण तिथपासून थोडं वरपर्यंत चालतं. पण तुमच्याकडे त्याहून चांगलं माप आहे. भिंतीवरचा पट्टा जमिनीपासून किती इंचांवर आहे ते मोजा. सात महिने आबांचा हात तिथंच गेलाय. दांडा तिथंच बसवा, आणि वळणाच्या आधी हातभर सुरू करून वळणाच्या पुढे हातभर न्या.

---

चिमणपुरा_सातारा (रविवार, रात्री १०:०५)

आत्ता टेप लावून मोजलं. ३४ इंच. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण केली आहे. मिस्त्री उद्या सकाळी दहाला येतोय.